दशमांश आणि दान: हिशेब, पद्धत आणि घ्यायची काळजी

पगार जमा झाला की घराचा हप्ता आपोआप कापला जातो. मग सोसायटीचा मेन्टेनन्स, शाळेची फी, रेल्वेचा पास, किराणा. रविवारी उपासनेला निघताना पाकिटात जी नोट असेल तीच अर्पणाच्या थैलीत पडते. ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांत अशी कितीतरी कुटुंबं आहेत, ज्यांना मनापासून द्यायचं असतं, पण महिनाअखेरीला देण्यासारखं काही उरत नाही. उरेल त्यातून द्यायचं म्हटलं की हे असंच होणार. दान आधी ठरवावं लागतं, आधी बाजूला काढावं लागतं आणि त्याचा हिशेब लिहावा लागतो. ते कसं करायचं, हे पुढे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे.

शास्त्रात काय आहे, तेवढं थोडक्यात

अब्रामाने राजा आणि याजक असलेल्या मलकीसदेकाला सगळ्याचा दहावा भाग दिला (उत्पत्ति 14:20). नियमशास्त्रात पुढे दशमांशाची, म्हणजे या दहाव्या भागाची, व्यवस्था आली. जमिनीचं पीक, झाडाचं फळ आणि मोजताना काठीखालून जाणारं प्रत्येक दहावं जनावर परमेश्वराचं (लेवीय 27:30-32). त्यातून उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या लेव्यांचा निर्वाह होई आणि लेवीही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश याजकाला देत (गणना 18:21-28). अनुवाद 14 मध्ये आणखी दोन उपयोग सांगितले आहेत. एक, कुटुंबाने परमेश्वरासमोर आनंदाने जेवायचं. दुसरा, दर तिसऱ्या वर्षी तो भाग गावातच साठवून लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खायला द्यायचं. म्हणजे सेवकांचा निर्वाह, एकत्र आनंद आणि गरिबांचा वाटा ही तिन्ही कामं दशमांशात होती. आपल्याकडे तिसऱ्याचा फार लवकर विसर पडतो.

नव्या करारात मंडळीला टक्का घालून दिलेला नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नको, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो (2 करिंथ 9:7). शिवाय ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही (8:12). कॅथलिक धर्मसभेतही ठरावीक टक्का नाही. ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजांना हातभार लावणं ही धर्मसभेच्या पाच आज्ञांपैकी एक आहे. काही मंडळ्या मात्र दहावा भाग बंधनकारक मानतात. आमच्या मते दहा टक्के हे चांगलं माप आहे: मोजायला सोपं आणि मनाला थोडं जाणवेल इतपत मोठं. पण माप म्हणूनच ते वापरावं. ते पुरं झालं की देवाचं देणं फिटलं असं नाही, आणि ते गाठता आलं नाही म्हणून कुणी मंडळीत खाली मान घालून बसू नये.

कशाचा दहावा भाग?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून आकडे घेऊनच बघू.

नोकरदाराचा एकूण पगार 48,000 रुपये, त्यात मूळ वेतन 24,000. पीएफ 12 टक्क्यांनी 2,880 आणि व्यवसाय कर 200 कापून हातात येतात 44,920. एकूण पगारावर दशमांश 4,800, हातातल्या रकमेवर 4,492. महिन्याचा फरक 308 रुपयांचा. दोन्हींपैकी कुठलाही आधार धरला तरी प्रामाणिकपणात कमीजास्त नाही, पण जो धरला तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याचं कारण निवृत्तीच्या वेळी कळतं. हातातल्या रकमेवर देत आला असाल, तर पीएफमध्ये गेलेल्या तुमच्या वाट्यावर दशमांश दिलेला नाही, त्यामुळे पैसे मिळतील तेव्हा पूर्ण रकमेवर हिशेब करायचा. एकूण पगारावर देत आला असाल, तर तेव्हा फक्त कंपनीचा वाटा आणि व्याज धरायचं. नोंद नसेल तर वीस वर्षांनी हे कुणाला आठवणार?

कर्जाचा हप्ता वजा करायचा का? घराचा हप्ता हा तुमचा खर्च आहे, उत्पन्नातून तो वजा होत नाही. नाहीतर घर जितकं मोठं घ्याल तितका दशमांश कमी, असा उलटा प्रकार होईल.

दुकानदार आणि व्यावसायिकांची चूक बरोबर उलट्या बाजूची असते. भक्तीच्या भरात ते विक्रीवर दशमांश काढायला बसतात. समजा महिन्याची विक्री 1,80,000 आहे. मालाचे 1,22,000, गाळ्याचं भाडं 18,000, वीज आणि मदतनीसाचा पगार 14,000. हातात राहिले 26,000. यावर दशमांश 2,600. विक्रीवर काढला तर 18,000 होईल, म्हणजे नफ्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त. दोन-तीन महिने उसनवारी करून तो दिला जातो आणि मग माणूस देणंच सोडून देतो, वर अपराधीपणही घेऊन बसतो. ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी सरकारचा आहे, तो उत्पन्नात धरायचाच नाही. घरखर्चासाठी गल्ल्यातून उचललेले पैसे मात्र उत्पन्नातच धरायचे.

भाड्याच्या गाडीवरचा रिक्षाचालक रोजचा हिशेब करू शकतो. गल्ला 1,500. त्यातून मालकाचे 400, सीएनजीचे 350 आणि पंक्चर, किरकोळ दुरुस्तीसाठी 50 बाजूला. राहिले 700, त्याचे 70. रोज रात्री हे 70 रुपये वेगळ्या पाकिटात टाकणं महिन्याच्या शेवटी दीड-दोन हजार एकदम काढण्यापेक्षा कितीतरी सोपं. घरकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या बायांसाठीही हीच पद्धत: पैसे हातात आले की त्याच दिवशी.

दिवाळीचा बोनस, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम हे उत्पन्नच. फ्लॅट विकला तर विक्रीच्या रकमेवर नव्हे, नफ्यावर: विकत घेतानाची किंमत, नोंदणी आणि मुद्रांक शुल्क, मोठी दुरुस्ती, दलाली आणि भरलेला कर वजा करून. विम्यातून आलेली उपचारांच्या खर्चाची भरपाई हे उत्पन्न नाही. कर्ज म्हणून हातात आलेला पैसा तर नाहीच. गोल्ड लोन काढून दशमांश देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

दहा टक्के एकदम जमत नसतील तर

तीन टक्क्यांपासून सुरू करा. 44,920 वर ते साधारण 1,350 होतात. दर सहा महिन्यांनी एक टक्का वाढवला तर साडेतीन वर्षांत दहाला पोहोचता. वाढ पगारवाढीच्या महिन्याला जोडली तर ती जाणवतही नाही. क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर टक्का तिथेच थांबवा आणि आधी ती फेडा, पण देणं शून्यावर आणू नका. एकदा थांबलेलं देणं पुन्हा सुरू व्हायला वर्षं जातात.

नवरा-बायकोने हे एकत्र ठरवावं. दोघांपैकी एक जण ख्रिस्ती विश्वासात नसेल, तर ज्याच्या कमाईतून द्यायचं आहे त्याच्या संमतीनेच. बायकोने नवऱ्याला न सांगता किराण्यातून पैसे वाचवून दिले, मग ते उघडकीला आलं आणि चर्चला जाणंच बंद झालं, असं घडू शकतं. अशा घरात तिने स्वतःच्या मिळकतीतून, हातखर्चातून द्यावं; तेवढं पुरेसं आहे. विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्यांबद्दल (छोट्या नाण्यांबद्दल) येशू काय म्हणाला ते मार्क 12 मध्ये वाचाच, पण त्याच्या दोनच ओळी आधी विधवांची घरं गिळणाऱ्यांवर त्याने ओढलेला कोरडाही वाचा.

आणि म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधांचे पैसे दानात वळवू नका. देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांना काही न देणाऱ्यांना येशूने सरळ दोषी ठरवलं आहे (मार्क 7:9-13). उलट बाजूही तितकीच खरी: आईवडिलांना दरमहा पाठवतो तोच माझा दशमांश, असंही म्हणू नये. ते आपलं कर्तव्य आहे, दान नव्हे.

पैसे बाजूला कसे काढायचे

पौलाची सूचना आजही तंतोतंत लागू पडते: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने आपल्याजवळ काढून ठेवावं, म्हणजे तो आल्यावर वर्गणी गोळा करायची धावपळ नको (1 करिंथ 16:2). पगारदारांनी आठवड्याऐवजी पगाराचा दिवस धरावा.

किमान शिलकीची अट नसलेलं एक वेगळं बचत खातं उघडा. पगार 1 तारखेला होत असेल तर 2 तारखेला ठरलेली रक्कम आपोआप या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. हप्त्याची तारीख 5 असेल तर दानाची तारीख त्याच्या आधीच हवी. नंतर ठेवली तर खात्यात पैसे नाहीत म्हणून व्यवहार अडकतो आणि दोन महिन्यांत माणूस ती सूचना रद्द करतो. या खात्याला यूपीआय जोडा, पण रोजच्या खरेदीच्या ॲपमध्ये ते मुख्य खातं ठेवू नका. दूधवाल्याला चुकून तिथून पैसे जातात.

रोखीने चालणाऱ्या घरात चार रकान्यांची वही पुरते: तारीख, मिळकत, बाजूला काढलेली रक्कम, कुणाला दिली. मुलांना हातखर्चाच्या शंभरातले दहा स्वतःच्या हाताने वेगळे काढू द्या. संडे स्कूलला निघताना दारात आईने मुठीत कोंबलेलं नाणं मुलाचं दान होत नाही. मिझोराममधल्या मंडळ्यांत स्वयंपाकाच्या वेळी प्रत्येक घरात मूठभर तांदूळ देवासाठी वेगळा काढण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या मुठींवर तिथलं मोठं मिशनकार्य उभं राहिलं.

कुठे आणि किती

जिथे उपासना करता, जिथे तुमच्या घरच्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि अंत्यविधी होतात, त्या स्थानिक मंडळीचा वाटा पहिला आणि मोठा. नहेम्याच्या काळात लेव्यांचे वाटे मिळेनासे झाले तेव्हा ते सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले (नहेम्या 13:10). पाळकसाहेबांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) पगाराला दरमहा उशीर होत असेल तर आजही वेगळं काय होणार?

महिन्याला 4,500 देणाऱ्या घराची वाटणी अशी करता येईल: 3,000 मंडळीला, 500 सुवार्ता किंवा सेवासंस्थेला आणि 1,000 त्या वेगळ्या खात्यातच गरजूंसाठी साठवायचे. तुमची मंडळी पूर्ण दशमांश मंडळीतच आणायला शिकवत असेल, तर तसं करा आणि गरजूंचा निधी त्याहून वेगळा काढा, मग तो 200 रुपयांचा का असेना. तो असतो म्हणूनच शेजारची बाई मुलाच्या फीसाठी दार ठोठावते तेव्हा द्यावं की नाही याची ओढाताण होत नाही. पैसे आधीच तिच्यासाठीच ठेवलेले असतात.

गरजूला देताना शाळेची फी शाळेच्या खात्यात भरा, औषधांचं बिल मेडिकलमध्ये चुकतं करा, घरभाडं घरमालकाला द्या आणि पावती त्या कुटुंबाच्या हातात ठेवा. अविश्वास म्हणून नव्हे. हातात आलेल्या रोख रकमेवर आधीच्या सावकाराचा डोळा असतो. रेशन देणार असाल तर काय हवं ते आधी विचारा. ज्वारी खाणाऱ्या घरात मैद्याची पिशवी देऊन काय उपयोग?

इस्पितळाच्या खर्चासाठी मदत मागितली गेली तर पैसे गोळा करायच्या आधी एक चौकशी जरूर करा. महाराष्ट्रात धर्मादाय कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. रुग्णालय त्या यादीत असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन लगेच जा. मंडळीतल्या कुणी ही धावपळ अंगावर घेतली तर ते मोठंच दान आहे, आणि गोळा झालेला पैसा डिस्चार्जनंतरच्या औषधांना आणि बुडालेल्या रोजाला पुरतो.

देताना

लिफाफ्यावर नाव किंवा सभासद क्रमांक, महिना, रक्कम आणि कारण लिहा: दशमांश, उपकारस्तुती (आभाराचं अर्पण), बांधकाम निधी, गरीब निधी. कारण लिहिलं नाही तर खजिनदार ती रक्कम सर्वसाधारण निधीत टाकतो, आणि मग "मी तर बांधकामाला दिले होते" हा वाद वार्षिक सभेत निघतो. गुप्तपणे द्यायचं असेल तर नाव न लिहिता फक्त कारण लिहा. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही मत्तय 6 मधली सूचना दिखाव्याविरुद्ध आहे. पावती घ्यायला तिची आडकाठी नाही.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर ट्रस्टचं किंवा मंडळीचं नाव यायला हवं. एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा आणि खजिनदाराला विचारा. भिंतीवरच्या कोडवर दुसरा स्टिकर चिकटवला जाण्याचे प्रकार घडतात. पाळकांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून "तातडीने पाठवा, मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका" असा संदेश आला तर तो ठगाचाच समजा आणि पाळकसाहेबांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावा.

"दहा हजार द्या, देव शंभरपट देईल" असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यापासून लांब राहा. सगळा दशमांश कोठारात आणा म्हणजे मी आशीर्वादाचा वर्षाव करतो, या मलाखी 3:10 चा आधार तो हमखास देईल. तो उतारा लेव्यांना आणि गरिबांना पोसणारं धान्याचं कोठार रिकामं ठेवणाऱ्या राष्ट्राला उद्देशून आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला त्याची शेवटची अंगठी काढायला लावण्यासाठी ते वचन वापरणं हा त्या माणसावरही अन्याय आहे आणि वचनावरही.

आयकराचं काय?

80जी या नावाने ओळखली जाणारी सवलत चर्चच्या नेहमीच्या अर्पणाला बहुधा मिळत नाही. संस्थेचा हेतू पूर्णपणे किंवा मुख्यतः धार्मिक असेल, किंवा ती एकाच धर्माच्या समाजासाठी असेल, तर ती या सवलतीला पात्र ठरत नाही. अनाथाश्रम, दवाखाना, शाळा चालवणाऱ्या आणि तशी मान्यता घेतलेल्या ट्रस्टला दिलेल्या दानावर मात्र मिळते: बऱ्याच संस्थांच्या बाबतीत दानाच्या निम्म्या रकमेची वजावट, तीही उत्पन्नाच्या 10 टक्के मर्यादेत. 2,000 रुपयांवरची रोख रक्कम चालत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट नाहीच. साध्या पावतीवर भागत नाही, संस्थेने आयकर पोर्टलवरून काढलेलं दानाचं प्रमाणपत्र मागून घ्या. अर्पणाला सवलत मिळावी म्हणून शाळेच्या नावावर पावती फाडून घ्यायची सूचना कुणी केली तर नकार द्या.

परदेशातल्या नातेवाइकांचं दान ही नवी मुंबईतल्या अनेक घरांची बाब आहे. दुबईत किंवा कुवेतमध्ये नोकरी करणारा मुलगा भारतीय नागरिक असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. ट्रस्टने त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावावी. मुलीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी तिचं दान परदेशी देणगीच ठरतं. ते फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतं, तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातून. ते आईच्या खात्यातून फिरवून मंडळीला देऊ नका. असल्या पळवाटेत संस्थेची नोंदणी धोक्यात येते.

पैसे मोजणाऱ्यांसाठी

यरुशलेमच्या गरिबांसाठीची मोठी वर्गणी नेताना पौलाने दुसऱ्या बांधवांना सोबत पाठवलं, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करायचं (2 करिंथ 8:20-21). प्रेषिताला ज्याची गरज वाटली, ती मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीला का वाटू नये?

उपासना संपली की लगेच, चर्चमध्येच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी थैली मोजावी. 500, 200, 100 असे नोटांचे रकाने, नाणी वेगळी, लिफाफ्यांची बेरीज वेगळी. कागदावर दोघांच्या सह्या. मोजणारे दर महिन्याला बदला. रक्कम सोमवारी, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, जशीच्या तशी बँकेत भरा. त्यातूनच फुलांचे आणि चहाचे पैसे परस्पर चुकते केले की जमा आणि खर्च दोन्ही कमी दिसतात आणि वर्षअखेरीला ताळमेळ लागत नाही. किरकोळ खर्चाला वेगळी ठरावीक रक्कम ठेवा. धनादेशावर दोन सह्या हव्यात. गरीब निधीतून पंखे घ्यायचे नाहीत, मग उन्हाळा कितीही कडक असो. महिन्याची जमा-खर्चाची पानभर यादी सूचनाफलकावर लावा. मंडळी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल तर हिशेब ठेवणं ही कायद्याचीच अट आहे. सभासदाने हिशेब मागितला तर त्याला बंडखोर ठरवू नका. कोणी किती दिले ही यादी मात्र फलकावर कधीही नको.

वर्षाचा ताळा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दानाच्या खात्याचं पासबुक, वही आणि पावत्या समोर घेऊन बसा. वर्षभराची मिळकत, ठरवलेला टक्का, बाजूला काढलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम हे चार आकडे जुळवा. खात्यात पैसे साचून राहिले असतील तर ते देऊन टाका. गरजूंच्या निधीत तीन महिन्यांच्या वाटणीपेक्षा जास्त शिल्लक कशाला हवी? ठरवल्यापेक्षा कमी दिलं गेलं असेल तर कुठला महिना चुकला ते शोधा; बहुतेक वेळा तो जूनचा निघतो, शाळेच्या वह्यापुस्तकांचा. राहिलेली रक्कम व्याजासकट एकदम भरायच्या मागे लागू नका. पैसे देऊन सोडवून घेतलेल्या दशमांशावर पाचवा हिस्सा जास्त देण्याचा नियम लेवीय 27:31 मध्ये आहे, पण नोकरी गेल्यामुळे मागे पडलेल्या माणसाला दंड म्हणून तो कुणी लावू नये. पुढच्या वर्षी जूनसाठी एप्रिल आणि मे मध्येच थोडं थोडं जास्त बाजूला काढा.